समुद्रातली डुकरं, घोडे आणि गाई

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका मठात एल्फ्रिक नावाचे गुरुजी होते. मठातल्या पोरांना लॅटिन बोलता यावं म्हणून त्यांनी एक संवाद रचला. त्यात गुरुजी एकेका कामकऱ्याला उभं करतात आणि विचारतात, तुझा धंदा काय, दिवसभर करतोस काय? नांगऱ्या थंडीबद्दल आणि मालकाबद्दल कुरकुरतो, मेंढपाळ लांडग्यांचं सांगतो, मग कोळ्याची पाळी येते. समुद्रात काय सापडतं असं विचारल्यावर तो हेरिंगपासून खेकड्यापर्यंत यादी म्हणून दाखवतो. गुरुजी आणखी खोदतात. देवमासा पकडशील का? नाही. का नाही? कोळ्याचं उत्तर सरळ आहे: ते काम धोक्याचं. एका फटक्यात मला आणि माझ्या सोबत्यांना बुडवील अशा माशापेक्षा मला मारता येईल असा मासा बरा.

मूळ मजकूर लॅटिन. पण एका हस्तलिखितात ओळींच्या वरच्या मोकळ्या जागेत कुणीतरी त्या काळच्या इंग्रजीतले अर्थ लिहून ठेवलेत, शाळेत आपण धड्यातल्या अवघड शब्दांवर पेन्सिलीने लिहायचो तसे. कोळ्याच्या यादीतल्या डॉल्फिनच्या डोक्यावर त्या अज्ञात हाताने लिहिलंय ‘मेरेस्वीन’. मेरे म्हणजे समुद्र, स्वीन म्हणजे डुक्कर.

मी प्राणिशास्त्रातला नाही आणि भाषाशास्त्रातला तर मुळीच नाही. जुन्या सफरींची वर्णनं आणि खलाशांच्या रोजनिश्या वाचायचा नाद आहे, एवढंच. त्या वाचताना सारखं अडखळायला होतं. समुद्रात वासरं, कुत्रे, अस्वलं, सिंह, घोडे, हत्ती, गाई आणि एकशिंगी घोडेसुद्धा भेटतात. आधी वाटायचं, बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, दिसलं त्याला जमिनीवरचं जवळचं नाव चिकटवलं, झालं. आता तसं वाटत नाही. नाव देणाऱ्याला त्या जनावराकडून काय हवं होतं, हे त्या नावात बऱ्यापैकी उघडं पडलेलं असतं. नाव नीट वाचलं तर देणाऱ्याच्या हातात सुरी होती, वही होती की रिकामं ताट होतं, तेही कळतं.

डुकराचंच बघा. डॉल्फिनच्या एका छोट्या भाऊबंदाला आज इंग्रजीत पॉरपॉइज म्हणतात, तो शब्दही जुन्या फ्रेंचमधून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी ‘डुक्करमासा’च आहे. शिवाय बोलीतली नावं वेगळीच: सी-हॉग, हेरिंगच्या थव्यामागे लागतो म्हणून हेरिंग-हॉग, आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर पफिंग पिग, म्हणजे फुसफुसणारं डुक्कर. कातडीखाली बोटभर चरबीचा थर, गोल अंग, आखूड मुस्कट, श्वास सोडताना फुस्स आवाज. आणि मुख्य म्हणजे मांस लाल. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य पण मासा चालतो. पाण्यात राहणारा तो मासा, या न्यायाने पॉरपॉइज आणि सील दोन्ही उपासाला चालत. साबुदाण्याच्या खिचडीवर तूप ओतणाऱ्या आपण कुणाला हसू नये. 1465च्या सुमारास यॉर्कच्या आर्चबिशपपदी जॉर्ज नेव्हिल बसले, तेव्हाच्या मेजवानीची यादी टिकून आहे. बैल, मेंढ्या, हंस, मोर यांच्या त्या अवाढव्य यादीत ‘पॉरपॉइज आणि सील, बारा’ अशी एक नोंद आहे. दोघांची मोजणी एकत्र. भटारखान्याला त्यांच्यात फरक करायची गरज वाटली नसावी.

हे डुक्कर फक्त युरोपियनांनाच दिसलं असंही नाही. बाबराने हिंदुस्थानातल्या प्राण्यांबद्दल लिहिलं, त्यात इथल्या नद्यांमधल्या एका प्राण्याला तो पाणडुक्कर म्हणतो. तो प्राणी म्हणजे गंगेतला डॉल्फिन. गंगेकाठच्या माणसांनी मात्र त्याला त्याच्या श्वासाच्या आवाजावरून सूंस म्हटलं. त्यांनी रात्री नावेत बसून तो आवाज ऐकला असणार, बाबराने बहुधा दिवसाउजेडी पाठ बघितली. तोच सूंस 2009 साली भारताचा राष्ट्रीय जलचर ठरला.

जमिनीवर जे जे आहे त्याचा जोडीदार समुद्रात असतोच, ही समजूत फार जुनी. पहिल्या शतकातला रोमन प्लिनी ती लोकांची समजूत म्हणून नोंदवतो आणि स्वतःही तिला मान डोलावतो. समुद्रात तलवार आहे, करवत आहे, काकडीसुद्धा आहे, असं तो म्हणतो. आपल्यालाही पाणघोडा आणि पाणमांजर म्हणताना काही वावगं वाटत नाही. पण युरोपात ती समजूत ताणत ताणत कुठवर नेली? सोळाव्या शतकातल्या माशांवरच्या गंभीर ग्रंथांत समुद्री साधू आणि समुद्री बिशप यांची चित्रं आहेत, खवल्यांच्या झग्यासकट. 1646 साली टॉमस ब्राउन या इंग्रज डॉक्टरने लोकांच्या भ्रमांची एक मोठी यादी छापली, त्यात ‘जमिनीवरचा प्रत्येक प्राणी समुद्रात असतो’ हा भ्रमही धरला. ब्राउन मला आवडतो, पण या एका बाबतीत तो जरा उगाच दमला असं वाटतं. खलाशांना समुद्रात खरी गाय आहे असं कधीच वाटत नव्हतं. त्यांना फक्त सोबतच्या माणसाला लवकर कळेल असं काहीतरी ओरडायचं होतं.

एकशिंग्याचं वेगळं. तिथे खरोखर विश्वास होता, आणि पैसाही. 1577 साली मार्टिन फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्दीच्या माणसांना कॅनडाच्या उत्तरेला एक मेलेला मासा सापडला, नाकातून जवळजवळ दोन यार्ड लांब पीळदार शिंग निघालेला. तो नार्व्हाल होता, म्हणजे लांब दाताचा लहान देवमासा. त्यांनी त्याला सी-युनिकॉर्न म्हटलं. युनिकॉर्नच्या शिंगाने विष उतरतं असा समज होता, म्हणून काही खलाशांनी शिंगाच्या पोकळीत कोळी सोडले. कोळी मेले. झालं, सिद्धता पुरी! शिंग राणी एलिझाबेथकडे पोचलं आणि तिच्या जडजवाहिरात जमा झालं. सफरीचा वृत्तांत लिहिणारा मात्र प्रामाणिक होता. कोळ्यांची परीक्षा मी स्वतः पाहिली नाही, सांगितली गेली, असं तो लिहून ठेवतो.

सीलच्या नावांत तर प्रत्येक किनाऱ्याने आपापलं कुरण आणलं. इंग्रजीत सी-काफ, फ्रेंचमध्येही समुद्री वासरू. डच आणि जर्मन त्याला समुद्री कुत्रा म्हणतात, स्पॅनिश लांडगा म्हणतात. कॅनरी बेटांतल्या एका लहानशा बेटाचं नावच लोबोस, लांडग्यांचं बेट. तिथे कधीही लांडगा नव्हता, सील होते. उत्तर पॅसिफिकमधला जाड केसांचा सील इंग्रजीत सी-बेअर झाला, रशियनांनी त्यालाच समुद्री मांजर म्हटलं. स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने 1758 साली शास्त्रीय नावं पक्की केली तेव्हा साध्या सीलला दिलेलं विशेषण वासरावरूनच होतं आणि ते अजून चालू आहे. सिंहाचा गोंधळ आणखी मजेदार. इंग्रज सेनानी अॅन्सन 1740च्या दशकात जगाला वळसा घालून आला. वाटेत हुआन फर्नांदेस बेटावर त्याच्या माणसांनी सोंडेसारखं नाक असलेली धिप्पाड जनावरं मारून खाल्ली आणि त्यांना सी-लायन म्हटलं. आज आपण त्यांना एलिफंट सील म्हणतो. पण लिनियसने अॅन्सनच्या वृत्तांतावर भरवसा ठेवला, त्यामुळे दक्षिणेकडचा समुद्री हत्ती शास्त्रीय नावात कायमचा सिंह राहिला.

आणि इंग्रजीतला तो सगळा संसार! सीलचा नर म्हणजे बुल, मादी म्हणजे काऊ. पण तिला होतं ते वासरू नाही, पप, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. ते जन्मतं रूकरीत, म्हणजे कावळ्यांच्या वसाहतीत. ती राहते जनानखान्यात, कारण नराभोवतीच्या माद्यांना हॅरम म्हणायचं. जनानखान्यात जागा न मिळालेले तरुण नर ते बॅचलर. अलास्काच्या प्रिबिलॉफ बेटांवर एकोणिसाव्या शतकात कातड्यांसाठी सर्वांत जास्त मारले गेले ते हे बॅचलरच. त्यांच्या कातड्यावर मारामारीचे व्रण नसत. ब्रह्मचाऱ्याच्या कोऱ्या कातडीला चांगला भाव.

आता घोड्याकडे येतो, कारण या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा किस्सा तिथला आहे. जुन्या इंग्रजीत सी-हॉर्स हे नाव तिघांचं होतं: आज ज्याला समुद्रघोडा म्हणतो तो बोटाएवढा मासा, आफ्रिकेतला पाणघोडा आणि ध्रुवाकडचा वॉलरस. दंतवैद्य ‘सी-हॉर्सच्या दाता’च्या कवळ्या करत, तो हस्तिदंतासारखा माल बहुतेक वेळा पाणघोड्याचा असे, जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळ्यांतही पाणघोड्याचा दात वापरलेला आहे. वॉलरसचं घोडेपण मात्र फार जुनं. नवव्या शतकाच्या अखेरीस ओटार नावाचा नॉर्वेचा दर्यावर्दी आल्फ्रेड राजाच्या दरबारात आला. उत्तरेकडे आपण ‘घोडा-देवमाशां’साठी गेलो होतो, त्यांच्या दातांचं हाड मौल्यवान आणि कातड्याचे जहाजाचे दोर उत्तम होतात, असं त्याने सांगितलं. राजासाठी काही दात आणलेही.

तर 1778 सालचा ऑगस्ट. कॅप्टन कुक अलास्काच्या टोकापलीकडे बर्फाच्या भिंतीपाशी अडकलेला. अमेरिकेच्या डोक्यावरून वाट सापडते का ते बघायला आला होता, वाट नव्हती. बर्फावर मात्र शेकड्यांनी प्राणी पसरलेले. खलाशांना वाटलं, या समुद्री गाई. महिनोन्‌महिने खारवलेलं मांस चावून तोंडं आंबलेली, त्यात गाय! बोटी सोडल्या, प्राणी मारून आणले, सगळे खुशीत. मग ग्रीनलंडकडे जाऊन आलेल्या एकदोघा खलाशांनी सांगितलं, अरे, या गाई नाहीत, हे सी-हॉर्स. आणि हे कुणी खात नाही. झालं. त्याच मांसावर लोक नाराज. कुक रोजनिशीत वैतागतो: सांगितलं नसतं तर यांना फरक कळलाही नसता. वर असंही लिहितो की जहाजावर क्वचितच कुणी असेल ज्याला हे खारवलेल्या मांसापेक्षा आवडलं नाही. खलाशांच्या रोजनिश्यांत मात्र वेगळा सूर लागतो, आणि माझा विश्वास खलाशांवर अधिक आहे. कॅप्टनच्या जिभेला भूगोलाची चव होती. पण गाय म्हटलं की पोटात जाणारं मांस घोडा म्हटल्यावर घशात अडकतं, हे कुकने चोख टिपलं.

समुद्री गाय खरोखर होती, तीही तिथून नैर्ऋत्येला, रशियाच्या बाजूला. कुकच्या आधी दहा वर्षं ती संपली.

रशियाच्या मोहिमेवर निघालेल्या व्हिटस बेरिंगचं जहाज नोव्हेंबर 1741 मध्ये एका ओसाड बेटाला लागलं आणि तिथेच मोडलं. निम्म्याहून जास्त लोक स्कर्व्हीने आडवे. डिसेंबरमध्ये बेरिंगही गेला. त्या टोळीत गेओर्ग विल्हेल्म स्टेलर नावाचा जर्मन निसर्गअभ्यासक होता, भांडखोर, हेकट आणि विलक्षण डोळस. हिवाळाभर लोकांनी समुद्री पाणमांजरं आणि सील मारून खाल्ले. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मात्र प्रचंड आकाराचे शांत प्राणी शेवाळ चरत असत, पाठ पाण्याबाहेर, डोकं खाली, थोड्या वेळाने श्वास घ्यायला वर. त्यांना पकडायची युक्ती पुढच्या उन्हाळ्यात जमली. मांस गोमांसासारखं, चरबी बदामाच्या तेलासारखी गोड, असं स्टेलर लिहितो. लोक ती वितळवून पेल्यांनी प्यायले. अशक्त माणसं सुधारली. इथे गाय हे नाव अगदी शब्दशः बसतं: चरते, कळपाने राहते, दुभती आहे आणि आपला जीव वाचवते.

स्टेलरच्या हातात सुरी आणि वही दोन्ही होती. जुलै 1742 मध्ये त्याने एक मादी मोजली, लांबी साडेसात मीटरच्या आसपास. एवढं धूड उलटंपालटं करायला माणसं लागतात, ती फुकट येईनात. त्याने तंबाखू देऊन मदत मिळवली. तो आतडी मोजत असताना कोल्हे त्याचे कागद आणि नमुने पळवत होते. त्याच पानांत तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. एक मादी मारून किनाऱ्यावर ओढली तर तिचा नर दोन दिवस पाठोपाठ किनाऱ्याशी येत राहिला. स्टेलर 1746 साली सैबेरियातच वारला, त्याचं ‘समुद्री जनावरांविषयी’चं लिखाण 1751 मध्ये छापून आलं. त्यात गाय, अस्वल, सिंह आणि पाणमांजर अशी चौघंच आहेत. मागून केसाळ कातड्यांसाठी जहाजांची रांग लागली, आणि प्रत्येक जहाज बेटावर थांबून गाईचं मांस भरून घेई. 1768 मध्ये शेवटची मारल्याची नोंद आहे. शोध लागल्यापासून सत्तावीस वर्षं. तिची दूरची नातेवाईक डुगाँग आपल्याकडे मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत अजून तग धरून आहे. तमिळमध्ये तिलाही कडल पसू, समुद्रगायच म्हणतात. 2022 मध्ये तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात तिच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं.

देवमाशांच्या नावांत सुरी अधिक स्पष्ट दिसते. राइट व्हेल, म्हणजे मारायला योग्य तो: संथ पोहतो, मेल्यावर तरंगतो, भरपूर तेल देतो. आज उत्तर अटलांटिकमध्ये हे ‘योग्य’ देवमासे चारशेहूनही कमी उरलेत. याउलट ज्याने मारणाऱ्याला मारलं त्याचं नाव पडलं डेव्हिल-फिश. हा मान करड्या देवमाशाचा. 1857 च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन नावाचा अमेरिकन कप्तान मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यावरच्या एका खाडीत शिरला. माद्या तिथे वीत होत्या. पिल्लांसह असलेल्या माद्यांना भाले मारले तेव्हा त्यांनी शेपटीने बोटी फोडल्या, माणसांचे हातपाय मोडले. मग स्कॅमनने उथळ पाण्यात बोट थांबवून वाटेवरच्या देवमाशांवर स्फोटक भाले सोडायची पद्धत काढली आणि राक्षस म्हटलेल्या आयांच्या शिकारीचा धंदा जोरात झाला. पुढे याच माणसाने 1874 साली त्या किनाऱ्यावरच्या सागरी सस्तनांवर एक पुस्तक लिहिलं. अभ्यासक आजही त्याकडे वळतात, कारण इतक्या जवळून इतके देवमासे बघितलेला दुसरा कुणी नव्हता. तिथून जवळच्या सान इग्नासिओच्या खाडीत 1970 च्या दशकापासून करड्या देवमाशांच्या आया आपण होऊन पर्यटकांच्या होडीशी येतात, कधी पिल्लाला पुढे ढकलतात, लोक हात लावतात. डेव्हिल-फिश हे नाव तिथे आता कुणाच्या तोंडी नाही.

देवमासा मासा आहे की नाही, हा प्रश्न एकदा चक्क कोर्टात गेला. 1818, न्यूयॉर्क. माशाच्या तेलाची सरकारी तपासणी करून फी घ्यायची असा नवा कायदा. जेम्स मॉरिस हा निरीक्षक. सॅम्युएल जड नावाच्या व्यापाऱ्याने तपासणी न झालेलं देवमाशाचं तेल घेतलं आणि फी द्यायला नकार दिला: देवमासा मासाच नाही, मग माशाच्या तेलाचा कायदा मला का? त्याच्या बाजूने सॅम्युएल मिचिल हा नामवंत निसर्गशास्त्रज्ञ साक्षीला. त्याने सांगितलं, देवमासा मासा असेल तर माणूसही मासाच. लिनियसने देवमाशांना सस्तनांत घातल्याला तेव्हा साठ वर्षं झाली होती. पण ज्यूरीत शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी निकाल दिला: मासा. त्यांना हसणं सोपं आहे. पण कायदा तेलाच्या पिंपाबद्दल होता, प्राण्याच्या गर्भाशयाबद्दल नव्हता, आणि बाजारात ते पिंप माशाच्या तेलाचंच होतं. विधिमंडळाने थोड्याच दिवसांत कायदा बदलून देवमाशाचं तेल वगळलं, म्हणजे मॉरिस कोर्टात जिंकला आणि विधिमंडळात हरला.

आता न्यूफाउंडलंड, कॅनडाच्या पूर्व टोकाचं बेट. माझा धाकटा भाऊ तिथे सेंट जॉन्सला असतो. एका वसंतात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. वसंत हे म्हणण्यापुरतं, एप्रिलमध्येही समुद्रातून बर्फाच्या लाद्या वाहत येत होत्या. बंदराजवळ ट्रक लावून सीलचे फ्लिपर, म्हणजे पुढचे वल्ह्यासारखे पाय, विकायला ठेवलेले. त्यांची पाई करतात. मी चाखली नाही. भावाने चाखली होती आणि त्या विषयावर तो बोलत नाही. शेजारी एक आजोबा राहत. त्यांचे वडील आणि काका ‘बर्फावर गेलेले’, म्हणजे सीलच्या शिकारीला. तिथे तेवढंच म्हणतात, कशासाठी ते सांगावं लागत नाही. आजोबा सीलला सील म्हणत नसत, स्वाइल म्हणत. मला आधी वाटलं बोळक्या तोंडामुळे तसं ऐकू येतं. नंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयात 1982 साली निघालेला न्यूफाउंडलंड इंग्रजीचा जाडजूड कोश हाती लागला. त्यात स्वाइल होता, शिकाऱ्याला स्वाइलर होता, आणि सीलच्या नावांना तर पानं पुरत नव्हती.

पाठीवर वीणेसारखा काळा पट्टा असणारा तो हार्प सील. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये तो बर्फावर जन्मतो तेव्हा पांढऱ्या लोकरीत असतो: व्हाइटकोट. दोनतीन आठवड्यांत लोकर गळायला लागते, ठिगळं दिसतात: रॅग्ड जॅकेट, फाटका कोट. लोकर पूर्ण गेली की पाण्यात उतरून धडपडत पाय आपटतो: बीटर. पुढची काही वर्षं, पाठीवर पट्टा उमटेपर्यंत: बेडलमर. मग हार्प. दुसरी जात हूडेड सील, नर डोक्यावरची पिशवी फुगवतो आणि चिडला तर एका नाकपुडीतून लाल फुगा काढतो. तो डॉग हूड, मादी बिच हूड, निळसर पाठीचं पिल्लू ब्लूबॅक. ते आईचं दूध चारच दिवस पितं. सस्तनांत एवढं कमी कुणी पीत नाही. दाढीवाला मोठा सील स्क्वेअर फ्लिपर. छोटा ठिपक्यांचा जार. तीच तीनचार जनावरं, पण वयाप्रमाणे आणि कातडीप्रमाणे नाव बदलत जातं, कारण चरबीचा थर, लोकरीचा टिकाऊपणा आणि भाव यांचा हिशेब बदलत जातो. मी ही नावं वहीत उतरवली तेव्हा मला दरपत्रकच वाचल्यासारखं झालं.

बेडलमर कुठून आला यावर तिथे चहाच्या टेबलावर वाद होतात. फ्रेंचमधल्या ‘समुद्राचं जनावर’ या शब्दांचा अपभ्रंश, असं बरेच जण सांगतात. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. तोच शब्द मिसरूड फुटायच्या वयातल्या पोराला लावतात. ना बाळ, ना बाप्या. आजोबांचा तेरा-चौदा वर्षांचा नातू फाटकातून सायकल आपटत आला की आजोबा म्हणत, आला बेडलमर. लहान मुलं बंदरातल्या बर्फाच्या लादीवरून लादीवर पुढच्या गड्यामागे उड्या मारत जायचा खेळ खेळत, त्याला कॉपिंग म्हणत. मोठं झाल्यावर हेच पोटासाठी करायचं, हातात गॅफ नावाची अंकुशाची काठी घेऊन.

त्या काठीने एकोणिसाव्या शतकात किती जनावरं मारली? 1831 च्या एका हंगामात साडेसहा लाखांहून जास्त कातडी आली. आणि माणसं? मार्च 1914 च्या अखेरीस ‘न्यूफाउंडलंड’ जहाजाची माणसं बर्फावर उतरली, वादळ आलं. कप्तान वेस्टबरी कीनला वाटलं, ती आपल्या वडिलांच्या, एब्राम कीनच्या जहाजावर आहेत. वडिलांना वाटलं, ती मुलाच्या जहाजाकडे परतली. वायरलेस असती तर विचारता आलं असतं, पण मालकांनी ती आधीच काढून घेतली होती, परवडत नाही म्हणून. दोन रात्री माणसं बर्फावर. 78 मेली. त्याच वादळात ‘सदर्न क्रॉस’ जहाज सगळ्या माणसांसह नाहीसं झालं. आजोबांच्या घराण्यात या गोष्टी तारखेने सांगायची गरज पडत नाही. एब्राम कीन पुढेही शिकारीला जातच राहिला, आणि 1934 साली दहा लाख सील आणल्याबद्दल त्याला ब्रिटिश सरकारचा किताब मिळाला. आजोबा त्याचं नाव उच्चारताना आवाज बदलत, तो आदराने की आणखी कशाने, मला ओळखता आलं नाही.

पुढे 1960 च्या दशकापासून जगभर या शिकारीविरुद्ध मोहिमा झाल्या, आणि त्यांनी एक नवं नाव आणलं: बेबी सील. फोटोत मोठे काळे डोळे, पांढरी लोकर. न्यूफाउंडलंडमध्ये हा शब्द उच्चारला तर समोरचा माणूस आधी तुमचा चेहरा निरखतो. तिथल्या लोकांचं म्हणणं, शहरातल्यांनी आपलं पोट कशावर चालतं हे विचारण्याआधी पिल्लू शब्द काढला. मोहिमवाल्यांचं म्हणणं, पिल्लाला पिल्लू म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. मला दोन्ही पटतं आणि त्याने माझी पंचाईत होते. व्हाइटकोट म्हणणाऱ्याला कोट दिसत होता, बेबी म्हणणाऱ्याला डोळे. पण जनावराकडून काहीतरी हवं दोघांनाही होतं.

1983 मध्ये युरोपीय समुदायाने व्हाइटकोट आणि ब्लूबॅकच्या मालाची आयात बंद केली, 1987 मध्ये कॅनडाने त्यांची व्यापारी शिकार थांबवली. सागरी सस्तनांबद्दलची कॅनडाची 1993 ची नियमावली मी भावाच्या संगणकावर वाचली. सरकारी मजकुरात मला बेबी सील कुठे सापडला नाही. तिथे शिकाऱ्यांचेच शब्द आहेत: व्हाइटकोट किंवा ब्लूबॅक विकायचा नाही, बदल्यात द्यायचा नाही. आणि वकिली व्याख्या अशी की व्हाइटकोट म्हणजे लोकर गळायला सुरुवात न झालेला हार्प सील. आजोबा त्या संध्याकाळी आले होते, त्यांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे रॅग्ड जॅकेट चालतो तर.’’